डिजिकॅम साध्या यूएसबी केबलने चार्ज होतो का? (आईचा कॅमेरा, केबल गायब)

सांजसावली
कपाट आवरायला घेतलं आणि आवरणं राहिलं बाजूला, आईचा जुना डिजिटल कॅमेरा हाती लागला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, भिंग आत ओढून घेणारा. दहा वर्षांचा तरी असेल, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं तो एका मोज्यात गुंडाळलेला होता. (मोजा का, ते विचारू नका.)

चार्जर नाही, केबल नाही, माहितीपुस्तिका नाही. बॅटरी मात्र आतच आहे. मेमरी कार्डाची खाच रिकामी. म्हणजे काही फोटो असलेच तर ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीत, आणि ते बघायला तो चालू व्हायलाच हवा.

बाजूच्या झाकणाखाली मायक्रो यूएसबीचं भोक आहे. हेडफोनबरोबर आलेली केबल त्यात बरोब्बर बसली. दुसरं टोक फोनच्या चार्जरला लावलं. दिवा भराभर लुकलुकला आणि पंधरा-वीस सेकंदांत गप्प. लॅपटॉपला लावलं तर तेवढंही नाही.

आता मला कळत नाहीये की बॅटरी मेली, केबल चुकीची, की फोनच्या जोरदार चार्जरने मी कॅमेराच जाळून ठेवला. जाणकारांनी प्रकाश टाकावा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

अडगळसम्राट
आधी आईंना विचारलंत का केबल कुठे आहे?

सांजसावली
विचारलं. "जागच्या जागी असेल" असं उत्तर मिळालं.

दुपारचीझोप
मग संपलंच. जागच्या जागी असलेली वस्तू आजवर कोणाला सापडलेली नाही.

खटपट्या
सांजसावली, जाळलेला वगैरे काही नाही, निश्चिंत राहा. मला पहिला संशय केबलवर आहे.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी माहितीच्या. हेडफोन, टॉर्च, दाढीचं यंत्र असल्या वस्तूंबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये फक्त लाल-काळी असते, कारण त्या वस्तूंना माहिती पाठवायचीच नसते. दोन तारा वाचल्या, तेवढेच पैसे वाचले. बाहेरून बघून काही कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मलाही चार्जच करायचाय, माहितीच्या तारा हव्यात कशाला? तर कॅमेरा त्या तारांवरूनच ओळखतो की पलीकडे कोण आहे. कॉम्प्युटर असेल तर आधी ओळखदेख होते, मग कॅमेरा जास्त प्रवाह मागतो. यूएसबी २.० च्या पोर्टवर ओळख होण्याआधी १०० मिलिअँपिअर आणि नंतर जास्तीत जास्त ५००, असा नियम आहे. भिंतीवरचा चार्जर असेल तर त्याच्या आत त्या दोन माहितीच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. कॅमेरा ते चाचपून बघतो आणि समजतो की हा चार्जर आहे, इथे जास्त ओढलं तरी चालेल. तुमच्या केबलमध्ये त्या तारा नसतील तर कॅमेऱ्याला समोर कोणीच दिसत नाही. काही कॅमेरे तरीही हळूहळू चार्ज होतात, काही सरळ नकार देतात. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतोय.

केबल तपासायची सोपी युक्ती: घरात मायक्रो यूएसबीवाला जुना फोन असेल तर तो याच केबलने लॅपटॉपला लावा. नुसताच चार्ज झाला आणि लॅपटॉपला फोन दिसलाच नाही, तर केबल दोन तारांची. (फोनवर फाइल ट्रान्सफरची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर चांगल्या केबलला बदनाम कराल.)

बत्तीगुल
असहमत. माझा डिजिकॅम मी कित्येक वर्षं हेडफोनच्याच केबलने चार्ज करतोय. त्या केबलने फोन लॅपटॉपला दिसत नाही, म्हणजे दोन तारांचीच. कॅमेरा मजेत चार्ज होतो. तेव्हा हे ओळखदेख वगैरे पुस्तकात ठीक आहे.

खटपट्या
बत्तीगुल, तुमचा कॅमेरा समजूतदार असेल. :)

तांबडीतार
दोघंही बरोबर असू शकता.

मला केबली कापायचं व्यसन आहे, घरचे वैतागलेत. काही दोन तारांच्या केबलींमध्ये कॅमेऱ्याकडच्या टोकातच, त्या इवल्याशा प्लगच्या आत, माहितीच्या दोन पिना एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. मग पलीकडे काहीही असो, कॅमेऱ्याला वाटतं आपण चार्जरलाच लागलोय. बत्तीगुल यांची केबल तशी असणार. सांजसावली यांच्या केबलमध्ये त्या पिना मोकळ्या सोडलेल्या असणार. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी.

कालच एक कापली. वरचं रबर सोलल्यावर आत काय? केसासारख्या सात-आठ तांब्याच्या तारा लाल आवरणात, तेवढ्याच काळ्यात, आणि उरलेली जागा भरायला पांढरा सुती दोरा. दोरा! हाताला केबल जाड लागावी म्हणून. ज्याने हे शोधलं त्याला साष्टांग नमस्कार.

दुपारचीझोप
म्हणजे केबल नाही, निरांजन आहे.

भिंगवाला
एवढा काथ्याकूट कशाला? कॅमेऱ्याच्या कंपनीची केबल आणि कंपनीचाच चार्जर घ्यायचा, विषय संपला. नकली केबल लावून बॅटरी फुगवून घेतलेले लोक मी पाहिलेत. कॅमेरा ही नाजूक चीज आहे, भिंगाची यंत्रणा आत किती बारीक असते ते एकदा उघडून बघा.

तांबडीतार
केबल बॅटरी कशी फुगवेल ते कृपया समजावून सांगा. चार्जिंगचं नियंत्रण कॅमेऱ्याच्या आतल्या सर्किटकडे असतं. लिथियम-आयन सेलला आधी ठरावीक प्रवाह, मग ४.२ व्होल्टला पोचल्यावर व्होल्टेज धरून ठेवून प्रवाह कमी कमी करत न्यायचा, हे सगळं कॅमेरा करतो. केबल म्हणजे नुसता रस्ता.

भिंगवाला
आणि फोनचा तो जोरदार चार्जर? त्याचं काय? एवढे अँपिअर त्या चिमुकल्या कॅमेऱ्यात घुसवल्यावर?

पुस्तककिडा
अँपिअर कोणी घुसवत नाही हो. वाचनालयात पन्नास हजार पुस्तकं असली म्हणून दारातून आत येणाऱ्याच्या अंगावर ती कोसळत नाहीत. ज्याला जेवढी झेपतात तेवढी तो घेऊन जातो. चार्जरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल. किती घ्यायचं ते कॅमेरा ठरवतो.

व्होल्टचं तसं नाही, तिथे भिंगवाला यांची भीती रास्त आहे. पण नियमाने चालणारे फास्ट चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतात. समोरच्या उपकरणाने ठरलेल्या भाषेत मागितलं तरच ९ किंवा १२ देतात. दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला ती भाषाच येत नाही, त्यामुळे तो मागणार नाही आणि याला मिळणार नाही.

बत्तीगुल
भाषा येत नसेल तर मिळत नाही. किती ओळखीचं वाटतंय हे.

भिंगवाला
ठीक आहे, केबलबद्दल मागे घेतो. चार्जरबद्दल नाही. अगदी स्वस्तातल्या बिननावाच्या चार्जरमध्ये मुख्य वीज आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात पुरेसं अंतर, पुरेसं आवरण नसतं. एकदा असल्या चार्जरला लावलेल्या कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगाला बोट लागलं आणि मुंग्या आल्यासारखा झटका बसला. तेव्हापासून माझा नियम: केबल कुठलीही, चार्जर नावाजलेला.

खटपट्या
याला पूर्ण सहमत. काटकसर करायचीच तर केबलीत करा, भिंतीत खुपसायच्या वस्तूत नको.

कावेरीकाठ
माझी फजिती सांगते, कोणाला उपयोगी पडली तर.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं भोक मला मिनी यूएसबीचं वाटलं. मिनी म्हणजे मायक्रोच्या आधीची, जरा जाडसर. केबल लावली तर थोडी अडली. मला वाटलं, वापरात नाही म्हणून घट्ट झालं असेल. जोर लावला. आत गेली! दोन सेकंद फार अभिमान वाटला. मग बाहेर काढली तर आतली पट्टी तिरकी झालेली आणि दोन पिना वाकलेल्या.

नंतर कळलं की ते मिनी यूएसबी नव्हतंच. मिनीला ५ पिना असतात आणि त्या कॅमेऱ्याच्या भोकात ८ होत्या. तसलं ८ पिनांचं चपटं भोक निकॉन, पॅनासॉनिक, पेंटॅक्स अशा बऱ्याच जणांनी वापरलंय. दुकानात केबल मागायची तर निकॉनच्या यूसी-ई६ या नावाने पटकन कळतं. त्याच भोकातून यूएसबी आणि टीव्हीला चित्र पाठवायची सोय, दोन्ही असायचं, म्हणून जास्त पिना. ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांना तर १२ पिना होत्या.

तेव्हा अडली तर थांबा. टॉर्च मारा, भोकात डोकवा, पिना मोजा. मी आता केबल लावण्याआधी चष्मा लावते.

अडगळसम्राट
आणि अशा कॅमेऱ्यांत केबल बरोबर असली तरी चार्जिंग होईलच असं नाही, हेही लिहा. कितीतरी जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे यूएसबीवरून फक्त फोटो द्यायचे. चार्जिंगसाठी बॅटरी बाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवायची. कॅननच्या मिनी यूएसबीवाल्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांचं तसंच होतं. माझ्या भावाने असा एक कॅमेरा दोन दिवस लॅपटॉपला लावून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चार्ज व्हायला वेळच फार लागतो याला."

दुपारचीझोप
भाऊ आशावादी आहे, असूद्या.

सांजसावली
बापरे, केवढे प्रतिसाद! सगळे वाचले.

खटपट्या यांची युक्ती केली. जुना फोन त्या केबलने लॅपटॉपला लावला: चार्ज होतोय, पण लॅपटॉप ढिम्म. म्हणजे निरांजनच निघालं. कावेरीकाठ, टॉर्च मारून पिना मोजल्या, ५ आहेत, मायक्रोच आहे. आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरांत "डीसी ५ व्होल्ट" असं लिहिलेलं दिसतंय. हे चांगलं लक्षण ना?

आता दुसरी केबल शोधते. खणात एक तीन मीटर लांबीची आहे, बारीकशी.

खटपट्या
५ व्होल्ट लिहिलंय म्हणजे यूएसबीवरून चार्ज होणारा असण्याची दाट शक्यता. पण ती तीन मीटरवाली नको.

वजाबाकी
तीन मीटर का नको, ते मी सांगतो, हिशेब माझ्या आवडीचा आहे.

बारीक केबलीत विजेची तार सहसा २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची. एक मीटरची केबल म्हणजे ०.४२ ओहम. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला तर वाटेत ०.२१ व्होल्ट गळाले. चालून जातं. तीन मीटरला गळती ०.६३ व्होल्ट. चार्जरमधून निघाले ५, कॅमेऱ्यात पोचले ४.३७, तेही जोडणीतली गळती न धरता. बॅटरी भरायची आहे ४.२ पर्यंत, आणि चार्जिंगच्या सर्किटला स्वतःचं काम करायला थोडी वरची जागा लागते. ती उरत नाही. मग कॅमेरा रडतखडत चार्ज होतो, मधेच सोडून देतो, आणि आपण बॅटरीला दोष देतो.

२४ गेजची तार असेल तर हाच रोध मीटरला ०.०८ च्या आसपास येतो. काही केबलींवर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो. आकडा जितका लहान तितकी तार जाड.

बत्तीगुल
आकडा लहान तर तार जाड. सरळ काही ठेवायचंच नाही असं ठरवूनच केलंय का या लोकांनी?

रानवारा
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण शेजारचाच आहे. माझा कॉम्पॅक्ट नवा आहे, टाइप-सीवाला. त्याच्याबरोबर आलेली ए-टू-सी केबल (एका टोकाला जुनं चपटं, आयताकृती यूएसबी ए, दुसऱ्याला टाइप-सी) लावली की चार्ज होतो. फोनची चांगली जाडजूड सी-टू-सी केबल लावली तर मेल्यासारखा पडून राहतो. जाड केबल, महागडा चार्जर, तरी नाही. असं का?

तांबडीतार
सी-टू-सीमध्ये चार्जर आधी पलीकडे कोणी आहे का ते पाहतो आणि मगच वीज सोडतो. ते कळण्यासाठी उपकरणाच्या आत सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवायचे असतात. काही उत्पादक ते गाळतात. मग सी-टू-सीमध्ये चार्जरला वाटतं पलीकडे कोणी नाही, म्हणून तो वीजच सोडत नाही. ए-टू-सीमध्ये ए बाजूला ५ व्होल्ट कायम हजर असतात, म्हणून तिथे चालतं. तुमच्या कॅमेऱ्यात रोधक गाळले असावेत. ए-टू-सी वापरत राहा.

याच्या बरोब्बर उलटही असतं. काही नव्या कॅमेऱ्यांना टाइप-सीवर पॉवर डिलिव्हरीवालाच (म्हणजे उपकरणाशी बोलून वीज ठरवणारा) चार्जर लागतो, साधा ५ व्होल्टचा लावला तर ते दाद देत नाहीत. माहितीपुस्तिका वाचणं याला पर्याय नाही. मीही वाचत नाही, पण पर्याय नाही.

पुस्तककिडा
२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्याने विकायला येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांना तारेने चार्ज होत असतील तर टाइप-सी सक्तीचं झालंय. भोक एक झालं. आतलं वागणं एक व्हायला बहुधा अजून एक धागा लागेल.

मीचती
सगळे केबलच्या मागे लागलेत, पण एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही. कॅमेरा बंद होता का? बरेच डिजिकॅम बंद असतानाच चार्ज होतात. चालू असताना केबल लावली की त्यांना वाटतं आता फोटो द्यायचेत, ते कॉम्प्युटरशी बोलायला बसतात आणि चार्जिंग राहून जातं. काहींमध्ये "कॉम्प्युटरवरून चार्ज" हा पर्याय मेनूत बंद करून ठेवता येतो. तो कोणी कधी बंद केला असेल तर लॅपटॉपवर काहीच होणार नाही, भिंतीवरच्या चार्जरवर होईल.

शिवाय दिव्याची भाषा कंपनीगणिक बदलते. निकॉनच्या बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत हिरवा दिवा सावकाश लुकलुकला तर चार्जिंग चालू, भराभर लुकलुकला तर जमत नाहीये. सोनीच्या सायबरशॉटमध्ये नारिंगी दिवा स्थिर राहिला तर चालू, आणि विझला तर झालं. म्हणजे एकीकडे लुकलुकणं ही आनंदवार्ता, दुसरीकडे तक्रार.

सांजसावली
मीचती, कॅमेरा बंदच आहे, तो चालू होतच नाही हीच तर रड आहे. :( पण दिवा भराभर लुकलुकला होता, म्हणजे तक्रारच.

भिंगवाला
बॅटरी एकदा बाहेर काढून बघितलीत का? सहा वर्षं आत आहे. सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली किंवा पोट आलेलं दिसलं तर पुढे काहीही करू नका, चार्जिंगला लावायचीच नाही. खाचेतून सहज निघत नसेल तरी तेच समजा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. मी चेष्टा करत नाहीये.

सांजसावली
काढली. सहज निघाली. टेबलावर सपाट बसते, डुगडुगत नाही. ३.७ व्होल्ट, ७०० मिलिअँपिअर-तास असं लिहिलंय. तिच्या पितळी पट्ट्यांवर काळपट डाग आहेत.

भिंगवाला
छान. डाग कोरड्या सुती कापडाने किंवा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा आत जाऊ देऊ नका. कॅमेऱ्याच्या आतल्या पट्ट्याही कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसा. आणि एक सांगून ठेवतो, सहा वर्षांत सेल फार खाली गेला असेल तर कॅमेरा त्याला सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह देऊन बघतो आणि प्रतिसाद नाही आला तर सोडतो. पहिल्या खेपेला नकार आला तर केबल काढून पुन्हा लावा. पण दोन-तीनदाच. मेलेल्याला किती हलवायचं यालाही मर्यादा आहे.

वजाबाकी
७०० असेल तर हिशेब सोपा. लॅपटॉपवर ओळखदेख न होता १०० मिलिअँपिअरने चार्ज करत बसलात तर सात तास, वर गळतीचं वेगळं. ५०० ने केलं तर दोन तासांच्या आसपास, कारण शेवटच्या टप्प्यात वेग कमी होतो.

बत्तीगुल
रच्याकने, पॉवर बँकेवर लावू नका. माझी पॉवर बँक शेवटच्या टप्प्यात कॅमेरा अगदी थोडं ओढायला लागला की समजते काम झालं, आणि स्वतःच बंद पडते. कॅमेरा नव्वद टक्क्यांवर लटकलेला. प्रवासात हे दोनदा झाल्यावर मी जास्तीची बॅटरीच घेऊन टाकली.

अडगळसम्राट
मी तर म्हणतो, कॅमेऱ्यात चार्जिंग करायचंच कशाला? बॅटरी बाहेरच्या चार्जरमध्ये, कॅमेरा हातात, दुसरी बॅटरी आत. भोकाचं झाकण रोज उघडून उघडून त्याची रबरी दोरी तुटते ती वेगळीच. माझ्या तीन कॅमेऱ्यांपैकी तिघांचीही झाकणं गेली.

कावेरीकाठ
तुमचं नावच अडगळसम्राट आहे, झाकणं तुमच्याच घरात असतील.

अडगळसम्राट
जागच्या जागी असतील.

आज्जीऑनलाइन
मुलांनो, केबलींवर खूण करायची सवय लावा. माझ्याकडे प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नेलपॉलिशचा ठिपका आहे. लाल म्हणजे फोटोसुद्धा जातात, गुलाबी म्हणजे नुसती वीज. नातवंडं हसतात आणि मग माझ्याच डब्यातून केबल घेऊन जातात.

खटपट्या
आज्जी, उत्पादकांनी पंचवीस वर्षांत जे केलं नाही ते तुम्ही नेलपॉलिशने केलंत. आजपासून मीही. फक्त बायकोच्या बाटल्यांना हात लावायचं धाडस गोळा करतोय.

सांजसावली
धागा वर काढतेय, कारण बातमी आहे.

आज्जीऑनलाइन यांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. नेलपॉलिश ऐकल्यावर ती म्हणाली, "मी पण कॅमेऱ्याच्या केबलला हिरवा दोरा बांधला होता." मी म्हटलं, मग तो दोरा कुठे आहे? आणि दोघींची नजर एकदमच माझ्या टेबलावरच्या छोट्या यूएसबी पंख्याकडे गेली. पंख्याच्या केबलच्या मुळाशी हिरवा दोरा. सहा वर्षं! हा अख्खा धागा मी त्याच पंख्याचा वारा खात लिहिलाय.

पट्ट्या पुसल्या, बॅटरी घातली, हिरव्या दोऱ्याची केबल फोनच्या चार्जरला लावली. दिवा भराभर लुकलुकला, म्हणजे पुन्हा तक्रार. काढून पुन्हा लावली, तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर मिनिटभर भराभर, आणि मग अगदी सावकाश लुकलुकायला लागला. आई म्हणाली, "श्वास घेतोय." आम्ही दोघी दहा मिनिटं नुसत्या दिव्याकडे बघत होतो.

वजाबाकी, तुमचे दोन तास लागले नाहीत. पस्तीस मिनिटांतच दिवा विझला.

वजाबाकी
लवकर भरली म्हणजे आत फारसं मावत नाहीये. बॅटरी म्हातारी झालीय. चालू झाला तर आधी फोटो काढून घ्या, बाकीचं नंतर.

मीचती
सांजसावली, आतल्या मेमरीतले फोटो कार्डावर न्यायचे असतील तर रिकामं कार्ड घाला आणि मेनूत "कॉपी" शोधा. एक लक्षात ठेवा, कार्ड घातल्यावर आतल्या मेमरीतले फोटो स्क्रीनवर दिसेनासे होतात. घाबरू नका, ते पुसले गेलेले नसतात. आणि "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर नीट वाचून उत्तर द्या. काही कॅमेऱ्यांत कार्ड आत असताना फॉरमॅट म्हणजे कार्डाचं, आणि कार्ड नसताना आतल्या मेमरीचं.

सांजसावली
चालू झाला!! भिंग कुरकुरत बाहेर आलं. आधी तारीख-वेळ लावायला सांगितली, मग फोटो दाखवले. आतल्या मेमरीत अकरा होते. मीचती, कार्ड घातल्यावर सगळे नाहीसे झाले तेव्हा तुमचा प्रतिसाद वाचलेला होता म्हणून माझं काळीज जागेवर राहिलं. कॉपी केले.

अकरापैकी चार जमिनीचे आहेत, दोन आईच्या अंगठ्याचे, एक छताचा. एकात मी आहे, पाठमोरी, फोनवर बोलतेय, केस ओले. मला माहीतही नव्हतं तिने काढलाय ते. उरलेल्या तिनांत तोच मोजा आहे, वेगवेगळ्या बाजूंनी. तिला विचारलं तर म्हणे, कॅमेरा आत मावतो का ते बघायचं होतं.

दुपारचीझोप
कॅमेरा बाहेर असताना मोज्याचा फोटो काढून कॅमेरा मावतो का ते बघायचं? आई ग्रेट आहेत.

भिंगवाला
अभिनंदन. आता नवी बॅटरी घ्या, जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. आणि तो मोजा धुवा, त्यातलेच धागे यूएसबीच्या भोकात जातात.

तांबडीतार
एक राहिलं. ती हेडफोनची केबल कापायला मला पाठवता का?

सांजसावली
नाही मिळणार. ती पंख्याला लावलीय, झकास चालतोय. त्याला दोनच तारा लागतात.